मुकादमाची झालर

रफूकाकांकडून कपडा परत आला की आमच्या घरी एक कार्यक्रम व्हायचा. सगळ्यांनी खिडकीजवळ जमायचं आणि भोक कुठे होतं ते शोधायचं. माझ्या नवऱ्याच्या राखाडी कोटाची बाही एकदा खिळ्यात अडकून फाटली होती, चांगला अंगठा जाईल एवढी. काकांनी कोट परत दिल्यावर आम्ही दोन्ही बाह्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. शेवटी नवरा म्हणाला, "कोट बदलला तर नाही ना त्यांनी?"

"सापडलं तर घेऊन या, उसवून पुन्हा करीन," असं काका प्रत्येकाला सांगायचे. त्यांच्याकडे परत गेलेला कपडा मी तरी पाहिला नाही.

काकांचं टेबल आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. मागे त्यांच्या दोन खोल्या. टेबलावर एक भिंग, सुयांचा पत्र्याचा डबा आणि बोटातलं पितळी अंगुस्तान. दोरा ते विकत आणत नसत. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक विणून बुजवायचं. हे सगळं ते लोकरीच्या गिरणीत शिकले. तिथल्या रफूखात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. तिथले उस्ताद कापड काचेवर पसरून खालून दिवा लावायचे आणि दुरुस्ती दिसली की काही न बोलता कात्रीने उचकटून टाकायचे. "दिसला तो टाका नव्हे," एवढंच त्यांचं शिकवणं. गिरणी बंद पडली त्या दिवशी काका भिंग आणि सुया घेऊन घरी आले, आणि लोकरीच्या रिकाम्या पोत्यात सापडलेलं मांजराचं एक पिल्लू.

त्याचं नाव काकूंनी ठेवलं, मुकादम. "काम काडीचं करत नाही, नुसता फिरून दुसऱ्यांचं बघतो," असं त्या म्हणायच्या. मुकादमाचा पुढे दणदणीत बोका झाला. वाळलेल्या गवताचा रंग, त्यावर तपकिरी पट्टे. काकांनी त्याला वेळच्या वेळी डॉक्टरांकडे नेऊन त्याचं ऑपरेशन केलं होतं, सुया टोचून आणल्या होत्या. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तो दोघांच्या मध्ये झोपायचा. काकू त्याच्यावर दिवसभर ओरडायच्या आणि दुधाची साय मात्र त्यालाच द्यायच्या.

इमारतीच्या मागे पडीक खडकाळ जागा आहे. कोपऱ्यात बंद पडलेलं पंपघर आणि बाकी सगळे दगडगोटे. तिथे टिटव्यांची एक जोडी राहते. टिटवी घरटं बांधत नाही. दगडांमध्येच चार अंडी घालते आणि तीही दगडांसारखीच दिसतात. पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी पळायला लागतात. धोका दिसला की जमिनीला चिकटून बसतात आणि आई-बाप वरून आरडाओरडा करत शत्रूवर झेपावतात.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती जिन्याखालीच रेंगाळायची, काकांच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसायची. एके दिवशी ती धावत वर आली, कंपासपेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून. पेटीत टिटवीचं पिल्लू होतं. कापसाच्या बोळ्याएवढं, काड्यांसारखे लांब पाय, आणि मान एका बाजूला पडलेली. मुकादम ते तोंडात धरून भिंतीवरून येताना तिने पाहिलं होतं. दगड मारून तिने ते सोडवलं, पण उशीर झाला होता.

मी तिचे हात तीनदा धुतले. तिला काही रोग तर होणार नाही, या धास्तीने डॉक्टरांना फोन केला. ताप आला नाही, पण लेक जेवेना आणि जिन्याखालून जाताना मान खाली घालून पळायला लागली. काकांनी हाक मारली तरी थांबायची नाही. मला तापापेक्षा ते जड गेलं. तिसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि सोसायटीकडे तक्रार लिहिली. अक्षर माझंच होतं, आणि खाली अकरा जणांच्या सह्या.

मीटिंग गच्चीवर झाली. तोंडं उघडली तसं एकेक बाहेर यायला लागलं. कोणाच्या कुंडीतल्या वेलीवरचं शिंजिराचं घरटं, कोणाच्या खिडकीतली बुलबुलाची पिल्लं, दोन खारी, सरडे तर मोजायलाच नकोत. काका शांतपणे ऐकत होते.

"पोटभर खातो हो तो," ते म्हणाले. "त्याला कशाला हवेत पक्षी? दुसऱ्या कुठल्या मांजराचं काम असेल."

तेव्हा काकू उठल्या. "दुसरं-तिसरं कोणी नाही. रोज उजाडलं की आपल्या पायरीवर पिसं असतात. मी झाडून टाकते."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसलेले असायचात."

सेक्रेटरी शिस्तीचे. त्यांनी वहीत लिहिलं आणि निकाल दिला: बोका त्यांच्या मेव्हण्याच्या गोदामात जाईल, गावाबाहेर. उंदीर भरपूर आहेत, त्याची चैन होईल.

"साखळीने बांधतात तिथे मांजरांना," मागून कोणीतरी पुटपुटलं.

काका उभे राहिले. टिटव्यांनी चारच दिवसांपूर्वी पुन्हा अंडी घातली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. काका हात जोडून म्हणाले, "ही पिल्लं उडेपर्यंत मला मुदत द्या. एकाला जरी त्याने तोंड लावलं, तर मी स्वतः त्याला गोदामात सोडून येईन."

"घंटा बांधा गळ्यात," एक जण म्हणाला.

"कोणी बांधायची?" दुसऱ्याने विचारलं आणि गच्ची हसली. काका हसले नाहीत. सेक्रेटरींनी वहीत मुदत लिहिली.

घंटा काकांनीच बांधली. सकाळी उशिरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर मुकादमाला ते खोलीत कोंडूनही ठेवायला लागले, कारण पक्ष्यांची खाण्याची लगबग त्याच वेळी असते. पण दुपारभर गिऱ्हाइकं यायची, दार उघडं राहायचं, आणि जास्त वेळ कोंडलं तर हा पठ्ठ्या लोकांच्या लोकरी कपड्यांवर नखं साफ करायचा. घंटेचा उपयोग आठ दिवस झाला. नवव्या दिवशी मुकादम पुढचे पाय असे काही उचलून टाकायला लागला की घंटा हूं की चूं करेना. त्याच चालीने त्याने एक साळुंकी मारून काकूंच्या पायापाशी ठेवली.

आता मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिना. तक्रार मीच लिहिलेली. टिटवीची पिल्लं गेली तर लेक आणखी मिटणार, आणि बोका गेला तर दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरातलं हलतं-बोलतं नाहीसं होणार. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले होते. त्याचा लेकीच्या डब्याला आणि तापाला आजवर काही उपयोग झाला नव्हता. पण जुनं पुस्तक काढलं, आणखी इकडेतिकडे वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी खाली गेले.

"काका, पक्ष्यांचे कान राहू द्या. त्यांना रंग फार चांगले दिसतात. मुकादमाच्या गळ्यात कापडाचा रुंद पट्टा शिवा. तो दबा धरून बसला तरी पक्ष्यांना लांबून कळेल."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कापडाचा? मग ते माझं काम. उद्या बघ, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी पट्टा तयार होता. काकांनी खरंच जीव ओतला होता. लोकरीचे सहा तुकडे जोडून मुकादमाच्या अंगाचा रंग साधलेला, त्यावर तपकिरी पट्टेसुद्धा विणलेले, आणि ते मानेवरच्या पट्ट्यांना नेमके जुळणारे. शिवण कुठे सुरू होते नि कुठे संपते ते कळेना.

"काय बसलाय बघ," काका अभिमानाने म्हणाले. "अंगचाच वाटतो."

वर येऊन सासूबाईंना बाल्कनीत बसवलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. "आई, भिंतीवर मुकादम दिसतोय का?"

"भिंत दिसते. मुकादम कुठंय?"

तो भिंतीवरच होता, अगदी मधोमध. आणि तासाभराने खाली उतरला तो चिमणी घेऊन.

मी खाली गेले तेव्हा काका ती चिमणी कागदात गुंडाळत होते. "पट्टा घातला होता गं," ते म्हणाले.

"काका, पट्टा दिसायला हवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुकादमाच्या मानेकडे पाहिलं. चाळीस वर्षं जे हात लपवायचंच काम करत आले, त्यांनी मांजरालाही रफू करून टाकलं होतं. काकू आतून आल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो, मारेकऱ्याला लपायला घोंगडं शिवून दिलंत की!"

नंतरचे दोन दिवस काकांनी जे हाल काढले ते मी येता-जाता पाहिले. लाल चिंधी हातात घ्यायचे आणि बाजूला ठेवून विटकरी उचलायचे. पिवळी घ्यायचे, ती फिकी दिसावी म्हणून तिच्यावर विरळ अस्तर लावायचे. "भडक दिसेल," ते म्हणायचे. "लोक हसतील."

"हसू देत," काकू म्हणाल्या. "हसायला आधी दिसावं लागतं." त्यांनी काकांच्या हातून चिंध्यांची पिशवी हिसकावली आणि टेबलावर पालथी केली. लाल, लिंबासारखा पिवळा, पोपटी, आणि कोणाच्या तरी नाटकाच्या अंगरख्यातला केशरी. "हे चार. एकही फिका करायचा नाही. आणि टाके मोठे घाला, मला इथून मोजता आले पाहिजेत."

काकांनी डोळे मिटले, उघडले आणि सुई घेतली. पट्टा कसला, झालरच होती ती. चार बोटं रुंद, चुण्या पाडून उभी राहणारी, मानेभोवती चक्रासारखी. मला लगेच वेगळी काळजी. "काका, तारेत-फांदीत अडकून गळफास बसला तर?"

"त्याची सोय आहे," काका म्हणाले. "मागची जोड कच्च्या टाक्याने शिवलीये, एकेरी दोऱ्याने. त्याच्या वजनाचा हिसका बसला की तुटणार. कुठला दोरा किती ओढीला तुटतो, एवढं तरी मला कळतं."

मुकादमाने झालर घातल्यावर आधी उलटं चालून पाहिलं. मग टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. अख्खी दुपार त्याने कोणाशी संबंध ठेवला नाही. तिसऱ्या प्रहरी भूक लागली, तेव्हा बाहेर आला आणि सवयीने भिंतीवर चढला.

"अगं बाई!" वरून सासूबाई ओरडल्या. "भिंतीवर फूल कसलं उमललंय ते?"

काका जिन्याखालून धावत अंगणात आले. मान वर करून म्हणाले, "वहिनी, दिसतंय?"

"मला दिसलं म्हणजे आंधळ्यालाही दिसेल!"

अंडी आठवड्याने फुटली. चारही. पिल्लं दगडांतून पळायची तेव्हा ती पळतात म्हणून दिसायची, थांबली की नाहीशी. काका एकदा पंपघराच्या आडोशाने त्यांना बघायला आले. समोर दहा पावलांवर पिल्लू बसलेलं मी दाखवत होते आणि भिंगाची सवय झालेल्या त्या डोळ्यांना ते सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा काका तिथेच उकिडवे बसले. "याला म्हणतात काम," ते हळूच म्हणाले. "उस्तादांनी दिवा लावला असता तरी चुकले असते."

त्या दुपारीच मुकादम दगडांमध्ये उतरला. पोट जमिनीला टेकवून, एकेक पाय मोजून टाकत. पूर्वी तो असा पाच हातांवर जाईपर्यंत पक्ष्यांना पत्ता लागत नसे. आता तो भिंतीवरून उतरतोय तोच नर टिटवीने कल्लोळ केला. चारही पिल्लं दगड झाली. आई-बाप दोघं आलटून पालटून त्याच्या डोक्यावर असे सूर मारायला लागले की मुकादमाने आधी कान पाडले, मग शेपूट पाडलं, आणि शेवटी शेपूट फुलवून जी धूम ठोकली ती थेट टेबलाखाली. झालर एका कानावर लोंबत होती.

सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. "टिटवी समुद्र आटवते म्हणतात, हा तर बोकाच!"

झालर सारखी पडायची. कधी कुंपणात कच्चा टाका तुटायचा, कधी तो स्वतःच पंजाने ओढायचा. काकांचा नेम होता, झालर गेली की हातातलं काम बाजूला ठेवून आधी नवी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "तुमच्या कोटाचं भोक उद्यापर्यंत मरत नाही."

पिल्लं दोन आठवड्यांची झाली आणि एका दुपारी टिटव्यांचा आकांत ऐकू आला. मी बाल्कनीत पोचेपर्यंत पिल्लं तीनच उरली होती. अर्ध्या तासात सेक्रेटरी झाकणाची टोपली घेऊन जिन्याखाली उभे. मी पायऱ्या दोन-दोन करत उतरले. काका टेबलाशी उभे होते. त्यांनी मुकादमाला छातीशी धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताने ते त्याच्या गळ्यातली झालर सोडत होते.

"शब्द दिलाय मी," ते काकूंना म्हणाले.

"थांबा!" वरच्या मजल्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "पिल्लू कावळ्याने नेलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"आजी, तुमचे डोळे..." सेक्रेटरी सभ्यपणे थांबले.

"कावळा नीट दिसला नसेल हो, पण मुकादम दिसतो मला! ते लाल-पिवळं तेव्हा तुमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. जेवल्यापासून तिथेच होतं."

"होतं की," समोरच्या घरातल्या नर्सबाई दार उघडून म्हणाल्या. "मी कपडे वाळत घालताना पाहिलं. म्हटलं, सेक्रेटरींनी खिडकीत कुंडी ठेवली वाटतं."

मग पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर बोलला, त्याची बायको बोलली. सगळ्यांनी पाहिलं होतं. तीन आठवडे अख्खी इमारत काही न ठरवता मुकादमावर नजर ठेवून होती, कारण नजर दुसरीकडे जातच नव्हती. पूर्वी कुठेही पीस पडलं की नाव त्याचं, आणि तो कुठे होता ते कोणाला माहीत नसे. आता तो कुठे होता ते पाच घरांना पाठ होतं.

सेक्रेटरींनी जिन्यातून बायकोला हाक मारली. त्या खाली डोकावल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "अहो, आलाय तो रोज दुपारी. मी त्याला मासळीचं डोकं देते. तुम्हाला आवडणार नाही म्हणून बोलले नाही."

सेक्रेटरींनी टोपलीचं झाकण लावलं. काकू काकांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? सगळ्यांच्याच बायका झाडून टाकतात." जिना हसला. सेक्रेटरीही हसले. काकांनी झालर पुन्हा बांधली आणि काकूंनी तिच्या चुण्या उभ्या केल्या.

तीन पिल्लं वाढली. पिसं आली, पंख झटकणं सुरू झालं. एका सकाळी लेकीने बाल्कनीतून किंकाळी मारली. मला वाटलं, संपलं. पळत गेले तर एक पिल्लू पंपघराच्या छपरावर उभं होतं. तिथे चालत जाता येत नाही. आम्ही बघतोय तोच दुसरं उठलं, भिंतीएवढं वर गेलं, डगमगलं आणि भिंतीपलीकडे उतरलं. मागोमाग तिसरं.

लेक माझ्याआधी खाली पोचली होती. "काका! उडाली! तिन्ही उडाली!"

जन्मात ज्यांनी आवाज चढवला नाही ते काका बोटात अंगुस्तान घातलेल्या हाताने टेबल बडवून अंगणात धावले. "उडाली! अगं ए, बाहेर ये! वहिनी, दिसलं का? उडाली!" सगळ्या मजल्यांवरची माणसं बाहेर आली होती. ड्रायव्हर शिट्ट्या मारत होता. सेक्रेटरींनी वही आणली, मुदतीच्या नोंदीवर आडवी रेघ ओढली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: "बोका इथेच राहील."

मुकादम साधू झालेला नाही. उंदीर, चिचुंद्र्या अजून आणतो. त्यांना रंगांचं कौतुक नसतं. पण काकूंच्या केरात पिसं नसतात. सेक्रेटरींच्या बायकोने आपल्या माहेरच्या मांजरीसाठी झालर नेली, मग नर्सबाईंच्या बहिणीने. आता काकांच्या टेबलापाशी पिंजरे, पिशव्या, टोपल्या घेऊन माणसं उभी असतात. प्रत्येक मांजराचं माप घेतलं जातं आणि काका मालकाला बजावतात, "सकाळ-संध्याकाळ घरात ठेवायचं. झालर म्हणजे परवाना नव्हे."

लेक पुन्हा बटणांच्या डब्याशी बसते. परवा तिच्या शाळेच्या निळ्या स्वेटरचं कोपर फाटलं. काकांनी शिवणीतून निळा धागा काढायला घेतला, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, दिसेल असं करा ना."

काकांनी निळा धागा ठेवला आणि केशरी उचलला. काल स्वेटर घरी आला तेव्हा आम्ही नेहमीसारखे खिडकीजवळ जमलो. शोधावं लागलं नाही. सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "कोपराला मुकादम बसलाय वाटतं."